शंकेखोर शास्त्रीबोवा

गेल्या पावसाळ्यात आमचे तीर्थरूप आजारी पडले. आम्ही रात्रंदिवस प्रार्थना केली. तरी ते गेले. तेव्हापासून शास्त्रवर्गात 'का?' असे विचारण्याची आम्हांस भीती वाटू लागली. शंका म्हणजे अविश्वास तर नव्हे ना?

अशा वेळी नीळकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांचे चरित्र हाती आले. जॉन म्यूरसाहेबांच्या 'मतपरीक्षे'स (१८३९) उत्तर म्हणून ह्या काशीच्या तरुण पंडिताने 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचिला. तर्काने शास्त्राच्या मागून चालावे, असे त्यात प्रतिपादिले. पुढे १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि 'षड्दर्शन दर्पणा'त तोच तर्क जुन्या दर्शनांवर शस्त्रासारखा चालविला! येथे आम्हांस किंचित हसू आले खरे, पण ते टिकले नाही. ज्या तर्काने जुने घर सोडविले, तो नव्या घरीही त्यांस स्वस्थ बसू देईना. शंकांनी ते जन्मभर पोळले. तथापि १८९५ साली देह ठेविला तो ख्रिस्तसेवक म्हणूनच.

परवाच्या रविवारी वाइल्डर स्मारक मंदिरात आम्ही मागच्या बाकावर बसलो. तीर्थरूपांची जागा रिकामी होती. डोळे मिटले, आणि प्रथम तो प्रश्नच देवापुढे ठेविला.