दाराला दिशा नसते

आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. हे पाणी रक्तातून येते आणि बाळाच्या ओठांपर्यंत पोहोचण्याआधी स्तनग्रंथीतील पेशींची पटले ओलांडते. पेशीपटल मेदाचे बनलेले असते आणि तेलापाण्याचे सख्य किती, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. मग एवढे पाणी पार जाते कसे? हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे तितकाच भौतिकशास्त्राचाही.

उत्तर सापडले ते वेगळ्याच गोष्टीचा शोध घेत असताना. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर आग्रे आर-एच रक्तगटाशी संबंधित प्रथिनांवर काम करत होते. त्यांच्या नमुन्यांत एक अनोळखी प्रथिन पुन्हा पुन्हा आढळत असे. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने हे प्रथिन बेडकाच्या अंडपेशीत तयार करवले आणि ती अंडपेशी क्षार कमी असलेल्या पाण्यात ठेवली. साध्या अंडपेशीत फारसा फरक पडला नाही. हे प्रथिन असलेली अंडपेशी मात्र काही मिनिटांत फुगून फुटली. पाण्याचे दार सापडले होते. त्याला ‘अ‍ॅक्वापोरिन’ हे नाव मिळाले आणि २००३ मध्ये आग्रे यांना रॉडरिक मॅकिनन यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. मानवी शरीरात अशी तेरा प्रकारची प्रथिने आहेत.

या दाराची रचना विलक्षण आहे. त्याचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम ०.२८ नॅनोमीटरचा, म्हणजे पाण्याच्या एका रेणूपुरता. रेणू एकामागोमाग एक, रांगेने जातात. वाटेच्या मध्यावर प्रत्येक रेणूची कूस बदलली जाते आणि रेणूंना जोडणारी हायड्रोजन बंधांची साखळी तिथे खंडित होते. एरवी प्रोटॉन याच साखळीवरून उड्या मारत पलीकडे गेले असते आणि पटलाच्या दोन बाजूंतील विद्युतभाराचा समतोल ढासळला असता. पाणी जाते आणि प्रोटॉन अडतो. एका दारातून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू जाऊ शकतात.

इतका मोठा आकडा ऐकला की हे प्रथिन पाणी ‘ओढते’ असे वाटू लागते. वस्तुतः ते पंप नाही. ते ऊर्जा खर्च करत नाही आणि पाणी दोन्ही बाजूंनी ये-जा करते. निव्वळ प्रवाह कोणत्या बाजूला व्हायचा, हे दोन्हीकडच्या विद्राव्यांचे प्रमाण ठरवते. दार वाट देते, दिशा देत नाही. या विषयातील अनेक गोंधळ हे एक वाक्य विसरल्यामुळे होतात.

दुधाच्या बाबतीत दिशा ठरवते ती दुग्धशर्करा. स्तनग्रंथीच्या पेशी ती आपल्या अंतर्भागात तयार करतात. तिचे रेणू पटलातून सहज बाहेर पडत नाहीत, म्हणून परासरणाच्या नियमाने पाणी त्यांच्याकडे येते. उंदरांवरील अभ्यासात अ‍ॅक्वापोरिन-१ स्तनग्रंथीच्या केशवाहिन्यांच्या अस्तरात आणि अ‍ॅक्वापोरिन-३ दूध स्रवणाऱ्या पेशींच्या पटलात आढळले आहे. शर्करा बोलावते, दारे मार्ग मोकळा करतात.

हीच दारे रोगातही दिसतात. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक नमुन्यांत अ‍ॅक्वापोरिन-१, ३ आणि ५ यांचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशींत अ‍ॅक्वापोरिन-५ कमी केले, तेव्हा त्यांचे विभाजन आणि स्थलांतर मंदावले. अ‍ॅक्वापोरिन-१ नसलेल्या उंदरांत अर्बुदाला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या नीट वाढत नाहीत, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. त्याचे एक स्पष्टीकरण असे : सरकणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला आयन आत येतात, त्यांच्यामागे पाणी येते, पटल किंचित पुढे फुगते आणि त्या पोकळीत पेशीचा तंतुमय सांगाडा वाढून पुढचे पाऊल पक्के करतो. अ‍ॅक्वापोरिन-३ तर पाण्याबरोबर ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडलाही वाट देते. यांतला पेरॉक्साइड पेशीच्या आत संदेशाचे काम करतो.

येथे मथळ्यांचा मोह सुरू होतो. ‘कर्करोग पसरवणारे प्रथिन सापडले’ हे वाक्य लिहायला सोपे आणि वाचायला सुखद असते. पण वाट देणारा आणि धाडणारा एकच नसतो. पेशीची शिस्त बिघडते ती जनुकांतील बदलांमुळे; बिघडलेली पेशी हाताशी असलेली दारे वापरते. शिवाय दारे एकट्या अर्बुदात नसतात. मूत्रपिंडात पाणी राखून ठेवण्यासाठी ती लागतात, लाळग्रंथींना लाळ स्रवण्यासाठी लागतात. अ‍ॅक्वापोरिन-५ नसलेल्या उंदरांत लाळ कमी तयार होते. पारा काही अ‍ॅक्वापोरिन बंद करू शकतो, परंतु तो स्वतःच विष आहे. या दारांना अडवणारे कोणतेही औषध आज स्तनाच्या कर्करोगासाठी वापरात नाही. संशोधन आशादायक आहे, असे म्हणताना हेही त्याच दमात सांगायला हवे.

पाण्याच्या हालचालीचा उपयोग रुग्णापर्यंत पोहोचला आहे तो दुसऱ्या मार्गाने. एमआरआयच्या एका पद्धतीत ऊतीतील पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने भटकतात, हे मोजले जाते. दाट पेशींच्या घातक गाठीत ही भटकंती सहसा आखडलेली दिसते. गाठ साधी की संशयास्पद, हे ठरवताना अशा मोजमापाची मदत होते.

आपल्या देशात हा विषय कुतूहलापुरता राहू शकत नाही. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये त्याचे सुमारे १.९२ लाख नवे रुग्ण होते. अनेकींचे निदान उशिरा होते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे एक चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करायची, एवढीच तिची पद्धत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरले तर मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही, हेही त्याच शोधनिबंधात नोंदलेले आहे.

विद्यार्थ्यांनी हे दोन्ही शोध शेजारी ठेवून वाचावेत. एक ०.२८ नॅनोमीटरच्या दाराचा, दुसरा वस्तीत जाऊन तपासणाऱ्या हातांचा. पहिल्यातून उद्याचे औषध निघेलही. त्यासाठी लागणारी वर्षे मोजायला प्रयोगशाळा समर्थ आहेत. आज हाताला लागलेली गाठ मात्र तितकी थांबू शकत नाही. ती डॉक्टरांना दाखवण्याची दिशा कोणतेही प्रथिन देणार नाही. ती घरातल्या कोणीतरी द्यावी लागते.