सभेत पाणी देणारी मुलं

अमेरिकेच्या सिनेटमध्ये सोळा-सतरा वर्षांची शाळकरी मुलं-मुली काम करतात, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांना तिथे ‘पेज’ म्हणतात. संख्या साधारण ३०. पहाटे उठून शाळा करायची आणि मग सभागृहात हजर व्हायचं. कामं अगदी साधी. सदस्यांना पाण्याचा पेला द्यायचा, कागद इकडून तिकडे पोचवायचे, निरोप सांगायचे. १८२९ साली डॅनियल वेब्स्टर यांनी ग्राफ्टन हॅन्सन नावाच्या ९ वर्षांच्या मुलाला नेमलं, तेव्हापासूनची ही प्रथा. मुलींना मात्र १९७१ पर्यंत थांबावं लागलं. तिथल्या प्रतिनिधीगृहाने २०११ मध्ये ही पद्धत बंद केली. निरोप आता संगणकावरून जातात, मग एवढा खर्च कशाला, असा हिशेब. सिनेटने ती अजून चालू ठेवली आहे.

आपल्याकडे असं काही आहे का? संसदेत किंवा विधानभवनात शाळकरी मुलांना असं काम नाही. आहे ती युवा संसद स्पर्धा. १९६२ मध्ये मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या परिषदेने शाळा-कॉलेजांत अभिरूप संसद भरवावी अशी शिफारस केली आणि १९६६ च्या सुमारास दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू झाली. उपक्रम चांगलाच आहे. पण त्यात मुलगा पंतप्रधान होतो तो पाठ केलेल्या भाषणापुरता.

आमच्या शाळेतही मंत्रिमंडळ असायचं. पंतप्रधान, क्रीडामंत्री, सफाईमंत्री, पाणीमंत्री. इतक्या वर्षांत माझ्या एक लक्षात आलं, की खरं शिकायचा तो पाणीमंत्री. पंतप्रधानाचं काम पंधरा ऑगस्टला संपायचं. पाणीमंत्र्याला रोज माठ भरून घ्यावे लागत, कोणाची पाळी चुकली ते बघावं लागे, भांडणं मिटवावी लागत. सिनेटमधल्या त्या मुलांचं मला अप्रूप वाटतं ते यामुळेच. सभा नीट चालावी म्हणून मागे कोणीतरी धावपळ करतं, हे त्यांना त्या वयात कळतं.

आता अहेरीहून मुंबई हजार किलोमीटरच्या पुढे. नागपूरचं हिवाळी अधिवेशन बघायला जायचं म्हटलं तरी दिवस प्रवासात जातो. पण आपल्या भागात एक सभागृह अगदी दारात आहे, ते म्हणजे ग्रामसभा. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तिला मोठे अधिकार दिले. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्ता, बांबू यांचे निर्णय ग्रामसभा घेऊ शकते. वनहक्कांच्या सभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया.

अडतं ते कागदापाशी. नोटीस मराठीत, तीही सरकारी मराठीत. म्हातारी माणसं बोलणार माडिया, नाहीतर तेलुगू. एकदा एका गावात माझ्या दहावीतल्या विद्यार्थ्याने अशी नोटीस आजोबांना माडियात समजावून सांगितली. म्हातारबुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात आपला डोंगर कुठे आहे?” पोराने पुन्हा वाचलं. डोंगराचं नाव कुठेच नव्हतं, नुसते कंपार्टमेंटचे नंबर होते. मग दोघांनी मिळून नंबर आणि डोंगर जुळवले. अक्षर नातवाला येत होतं, जंगल आजोबांना. दोघांतला एक नसता तर काम अडलं असतं.

ग्रामसभेत मत द्यायला १८ वर्षं पूर्ण लागतात, आणि ते योग्यच आहे. पण दहावी-अकरावीच्या चार मुलांनी, त्यात दोन मुली हव्यातच, सभेत मदतीला बसायला काय हरकत आहे? घरोघरी निरोप द्यावा, नोटीस वाचून तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगावा, इतिवृत्त लिहिताना शेजारी बसावं आणि शेवटी ते सगळ्यांना वाचून दाखवावं. सह्या आणि अंगठे त्यानंतर. पाणी तर द्यावंच.

आमची मुलं आश्रमशाळेत, वसतिगृहात राहून शिकतात. सुट्टीत घरी येतात तेव्हा त्यांना अर्ज लिहिता येतो, पण आपलं गाव निर्णय कसा घेतं ते त्यांनी पाहिलेलं नसतं. पुढे तीच मुलं मतदार होणार, काही जण नोकरीत टेबलाच्या पलीकडे बसणार. त्याआधी वर्षभर तरी त्यांनी सभेत सतरंजी अंथरलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

वाचकांत बरेच शिक्षक आहेत, नात्यातलेही आहेत. तुमच्या गावी हे करून बघता येईल का? कळवा जरूर.