आत्मपरीक्षण कुणाचे?

१६ मे २०१४. दुपार टळून गेली तरी आमच्या घरी दस्तरखानावरचे जेवण तसेच होते. काँग्रेस ५४३ पैकी ४४ जागांवर आली, तेव्हा अब्बांनी टीव्ही बंद केला. हयातभर त्यांनी दुसऱ्या कुणाला मत दिले नव्हते.

जूनमध्ये पक्षाचे ज्येष्ठ नेते ए. के. अँटनी म्हणाले की, आपण अल्पसंख्याकांकडे झुकतो असे लोकांना वाटते. पराभवाची कारणे शोधणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. ऑगस्टमध्ये त्यांचा अहवाल सोनिया गांधींकडे गेला. जनतेपुढे काही आला नाही. अब्बा एवढेच म्हणाले, "अरे, झुकले असते तर मोहल्ल्यातली गटार तरी बांधून झाली असती!"

२०२४ मध्ये अब्बा नव्हते. महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी एकाही जागेवर मुसलमान उमेदवार दिला नाही. तरी उन्हात आम्ही रांग लावली. धुळ्यात काँग्रेसच्या उमेदवार ३,८३१ मतांनी निवडून आल्या. एकट्या मालेगाव मध्यने त्यांना लाखाहून मोठी आघाडी दिली होती. जिंकल्यावर आत्मपरीक्षण कोण करतो?

खरे सांगायचे तर आम्हीही कधी केले नाही. भीतीपोटी मत दिले, हिशोब मागितला नाही. नोव्हेंबरात विधानसभेचे उमेदवार दारात आले, तेव्हा आमच्या धाकटीने गटारीचा अर्ज त्यांच्या हातात दिला आणि पोच मागितली. ते हसले. ती हसली नाही, पेन पुढे धरून तशीच उभी राहिली.