टेंगूळरावांस अनावृत पत्र

टेंगूळराव, स. न. वि. वि.

शास्त्रात तुमचं नाव बोल्बोमेटोपॉन म्युरिकेटम. ते उच्चारताना आमची जीभ अडखळते, म्हणून कपाळावरचं टेंगूळ पाहून हे घरगुती नाव ठेवलं. राग मानू नये. सव्वा मीटर लांबी, 46 किलोपर्यंत वजन. पोपटमाशांच्या कुळात तुमच्याएवढा थोराड दुसरा नाही.

लिहायचं आहे ते तुमच्या जेवणाबद्दल. कुळातले बहुतेक जण खडकावरचं शेवाळ खरवडून पोट भरतात, तुम्ही मात्र प्रवाळाचाच लचका तोडता. चोच म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दातांच्या रांगा. तुटलेला तुकडा घशातल्या आणखी एका दातांच्या जात्यात भरडला जातो. जठर तुम्हाला नाहीच, त्यामुळे सगळी भिस्त त्या जात्यावर. कडाकड चावण्याचा आवाज पाणबुड्यांना लांबून ऐकू येतो आणि थोड्या वेळाने तुमच्या मागून पांढरा लोट सुटतो. ती बारीक वाळू!

ग्रेट बॅरियर रीफवर बेलवूड, होई आणि चोट या संशोधकांनी तुमचा हिशेब मांडला, तो 2003 साली छापून आला. एकेक मासा वर्षाला पाच टनांहून जास्त चुनखडी गिळतो, त्यातली निम्मी जिवंत प्रवाळाची. हे वाचून मी तुम्हाला गुंड ठरवून मोकळा झालो होतो. पण झटपट वाढणारे प्रवाळ सगळी जागा बळकावतात, तिथे तुमच्या लचक्यांमुळे इतरांना वाव मिळतो, असं अभ्यासकांना वाटतं. शब्द मागे घेतो. अर्धा तरी.

टेंगळाचं कोडंही सुटलं म्हणे. वेक बेटाजवळ तुमचे नर एकमेकांना धावून टक्कर देताना दिसले. धीरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, पाहिलेल्या गोवेकराला यात नवल वाटणार नाही.

एवढा दणका, एवढा आवाज, आणि रात्र झाली की उथळ पाण्यात कळपाने निवांत झोपता. नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. सॉलोमन बेटांवर पाण्यात चालणाऱ्या विजेऱ्या पोहोचल्या आणि भालेकऱ्यांना तुमचं अंथरूण सापडलं. चाळीस वर्षं जगू शकणारे जीव, एका रात्रीत कळपातले कितीतरी होडीत.

जेवणाच्या सवयी बदलू नका. झोपायची जागा तेवढी बदलता येते का, पाहा.

कळावे, लोभ असावा.