तापीतीरावरील सुरत

सुरत शहर व्यापारासाठी जगद्विख्यात. परंतु प्रिय वाचकहो, तेथील जुन्या वास्तू पाहत हिंडणाऱ्यास आणखी एक गोष्ट उमगते. परमेश्वराकडे जाणारी वाट प्रत्येकास निराळी दिसते. १६४४ साली उभारलेली मुघलसराय मक्केच्या यात्रेकरूंचे विश्रांतिस्थान होती. आज तेथे महानगरपालिकेचे कार्यालय आहे. त्या यात्रेकरूंची भक्ती खडतर प्रवासात होती. पारशी बांधवांची भक्ती १८२३ साली आतशबेहरामांत प्रतिष्ठापिलेला अग्नी अखंड तेवत ठेवण्यात आहे.

मग भक्तीची पारख कशाने करावी? १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्या धामधुमीत कापुचिन संघाचे फादर अँब्रोज यांच्या निवासस्थानास त्यांनी धक्का लागू दिला नाही. हे पाद्री सज्जन आहेत, असा महाराजांचा अभिप्राय बर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदविला आहे. डचांच्या एका परलोकवासी हिंदू दलालाचे घरही, तो हयातीत मोठा दानधर्मी होता म्हणून, वाचले.

दोघांचे धर्म निराळे. पाहिला गेला तो सज्जनपणा. लुटीस निघालेल्या सैन्याच्या धन्यासही जी भक्ती ओळखू आली, ती आपल्या शेजाऱ्यास आपल्या घरी दिसते काय?