खांद्यावरचा धक्का

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी, बंदुकीला दोन नावे आहेत. घरात ती बंदूक, बाजारात तुपाकी. दोन्ही शब्द दूरदेशाहून आलेले. आता दोन्ही घरचेच झाले आहेत.

आमची बंदूक ठासणीची, एकनळी. १९५९च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. बाबांनी तिने डुक्कर कधी मारले नाही. नुसता बार काढायचा, कळप ज्वारीतून पळायचा.

जेवढा रेटा पुढे, तेवढाच मागे, हा न्यूटनचा नियम. मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरची उसळी आवरायला तोंडाशी कॉम्पेन्सेटर बसवतात. त्याच्या खाचांतून वायू वर सुटतो आणि नळीचे तोंड खाली दाबले जाते. आवाज मात्र शेजारच्याच्या कानावर जास्त आदळतो, आणि खाचांत साचलेली काजळी वेळोवेळी काढावीच लागते. आमच्याकडे कॉम्पेन्सेटर म्हणजे बाबांचा खांदा! म्हणून दारू ते माप धरूनच घालत. दस्ता खांद्याला घट्ट टेकवत; सैल धरला तर धक्का हाडावर बसतो.

बार काढलेल्या रात्री कितीही उशीर होवो, आई चुलीवर पाणी ठेवायची. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते. नुसते तेल लावले, तर त्याखाली गंज वाढतच राहतो. आधी कढत पाणी, मग गजाला गुंडाळलेली कोरडी चिंधी, शेवटी शिवणयंत्राचे तेल. चिंधी पांढरी निघाली, की बाबा जेवायला बसत.

बाबांच्या मागे परवाना भावाच्या नावे झाला. २०२३मध्ये विधानसभेची निवडणूक ९ ऑक्टोबरला जाहीर झाली, मतदान ३० नोव्हेंबरला. नियमाप्रमाणे बंदूक जमा झाली. नेमके तेव्हाच मका काढणीला आणि तूर फुलावर! बंदूक परत आली, तेव्हा चिंधी तांबडी निघाली. कारागिराने नळीत दिवा धरून पाहिले आणि म्हणाला, ‘‘आत खड्डे पडलेत. बार काढू नका, नळी फुटेल.’’

नियमाबद्दल तक्रार नाही. मतदान निर्धास्त व्हायलाच हवे. पण बंदूक जमा करून घेता येते, तिची निगा कोण जमा करून घेणार?

आता भाऊ मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवतो. पलीकडच्या शेतातून तेलुगू काका विचारतात, ‘‘काय रे, तुपाकी कुठंय?’’

‘‘विसावली, काका,’’ तो म्हणतो, आणि दोघेही डबे बडवू लागतात.