पासवर्ड सगळ्यांचा, आळ एकावर

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर उबुंटू. खातं एकच, तेही अ‍ॅडमिनचं, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. हा निर्णय माझाच. "इथं कुणी लहान-मोठं नाही, मग पासवर्ड लपवायचा कशाला?" असं मी मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या दिवसांत एका सकाळी 'सुडो' चालेना. एखाद्या कामापुरता रूटचा अधिकार याच आज्ञेनं मिळतो. कुणीतरी कुठला तरी सल्ला वाचून यूएसआर फोल्डरवर 'सुडो सीएचमॉड -आर ७७७' चालवलं होतं. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. पण त्याच फटक्यात सुडोच्या फाइलवरची 'सेटयूआयडी' ही खूण पुसली जाते, आणि तिच्याशिवाय सुडोला रूट होताच येत नाही. सगळ्यांना मोकळीक द्यायला गेले आणि अधिकार कुणाकडेच उरला नाही. मुलांचे दाखले पेनड्राइव्हवर काढून घेतले आणि उबुंटू नव्यानं टाकायचं ठरलं.

बोटं वळली नववीतल्या एका पोराकडे, कारण तो कॉम्प्युटरशी खटपटी करायचा. मीही चारचौघांत बोललो त्याला. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

नवं टाकण्याआधी 'ऑथ डॉट लॉग' उघडून पाहिला. सुडोची प्रत्येक आज्ञा त्यात वेळेसह नोंदली जाते. मंगळवार, सकाळी ११. तेव्हा पोरगा शाळेत होता. करणाऱ्याचं नाव? 'अभ्यासिका'. खातं एकच, तर नोंद दुसरी कुठली असणार! समाजशास्त्रात एम. ए. केलेल्या माणसानं आधी आळ घेतला आणि मग पुरावा पाहिला.

आता प्रत्येकाचं वेगळं, साधं खातं आहे. अ‍ॅडमिन खाती दोनच: एक माझ्याकडे, एक ग्रंथालय पाहणाऱ्या ताईंकडे, म्हणजे मी गावाला गेलो तरी अडत नाही. काही कार्यकर्ते विचारतात, "आमच्यावर भरवसा नाही का?" मित्रांनो, फॉर्म भरायला, प्रिंट काढायला अ‍ॅडमिन लागतच नाही. माझंही रोजचं खातं साधंच आहे. तुम्ही जुन्या खात्याचा अधिकार काढणार असाल, तर आधी नव्या अ‍ॅडमिन खात्यातून सुडो चालतं का ते पाहा. नाहीतर चावी आत आणि आपण बाहेर.

त्या पोराच्या घरी जाऊन माफी मागितली. आई एवढंच म्हणाली, "दादा, त्याला निदान विचारायचं तरी होतं."

त्याचं खातं उघडून ठेवलंय. अजून एकदाही लॉगिन झालेलं नाही.